पॉइंट तीस, पण गाठीची तपासणी केव्हा?

माझ्या दवाखान्यातल्या कपाटात एक फाइल आहे. तिच्यात सी.एम.ई.ची, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर वैद्यकीय शिक्षणाची, प्रमाणपत्रे ओळीने लावलेली आहेत. पुष्कळ वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण पदवी मिळाली आणि दारावर पाटी लागली म्हणजे डॉक्टरचे शिक्षण संपले, असे नियमांत मानलेले नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आम्हाला दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते व त्यासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. मान्यताप्राप्त व्याख्यानाला किंवा परिषदेला हजेरी लावली की पॉइंट मिळतात. नियम चांगला आहे. माझे ३० पॉइंट दर वेळी भरतात.

त्याच कपाटात एक दोनशेपानी वहीही आहे. तिला कोणी पॉइंट देत नाही. परंतु माझे खरे शिक्षण किती झाले हे फाइलीवरून कळत नाही, त्या वहीवरून कळते, असे माझे मत आहे. आज त्याविषयी लिहितो.

गोष्ट २००४ सालची. पनवेलजवळच्या एका गावातला पंचेचाळिशीचा टेम्पोचालक मानेला गाठ आली म्हणून माझ्याकडे आला. गाठ सुपारीएवढी, न दुखणारी. मी हाताने चाचपून पाहिली व सात दिवसांचे अँटिबायोटिक लिहून दिले. गाठ तशीच राहिली म्हणून दुसरे दिले. मानेतल्या गाठी आपल्याकडे बहुधा टी.बी.च्या, हे माझ्या मनात पक्के बसलेले होते. त्यामुळे कोणतीही तपासणी न करता मी टी.बी.ची औषधे सुरू केली. पहिल्या महिन्यात त्याची भूक थोडी सुधारली, तेव्हा निदान बरोबर आहे असे समजून मी निश्चिंत झालो. चौथ्या महिन्यात गाठ लिंबाएवढी झाली आणि गिळताना टोचू लागले. मग मी त्याला सुईच्या तपासणीसाठी पाठवले. रिपोर्ट दोन दिवसांत आला. गाठीत कर्करोगाच्या पेशी होत्या. मूळ रोग जिभेच्या मुळाशी होता. तो वीस वर्षे तंबाखू मळून गालात धरत होता. हे मी त्याला पहिल्यांदा विचारले ते त्या दिवशी.

पुढे मुंबईला उपचार झाले. दीड वर्षाने तो गेला. पहिल्या आठवड्यात रिपोर्ट आला असता तर तो नक्की वाचला असता, असे मी म्हणणार नाही. त्या जागेचा कर्करोग अवघडच असतो. परंतु त्याचे चार महिने माझ्यामुळे वाया गेले, यात शंका नाही. त्याची बायको अजून नातवंडांना घेऊन माझ्याकडेच येते. तिने मला कधी बोल लावला नाही. एकदाच विचारले, “डॉक्टर, ती सुई पहिल्यांदाच लावली असती तर?” मला उत्तर देता आले नाही. वही मी त्याच आठवड्यात सुरू केली. तिच्यात चारच रकाने आहेत: गाठ किंवा न भरणारी जखम घेऊन पेशंट प्रथम आला ती तारीख, तपासणी झाली ती तारीख, रिपोर्टची तारीख आणि पुढे काय झाले.

ही सुईची तपासणी म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. बायोप्सीत शरीरातला छोटा तुकडा काढतात. सायटोलॉजीत, म्हणजे पेशीपरीक्षणात, नुसत्या सुट्या पेशी तपासतात. गाठीत इंजेक्शनच्या सुईसारखीच एक बारीक सुई घालून आतल्या पेशी ओढून घेतात आणि त्या काचेच्या स्लाइडवर पसरतात. एक स्लाइड ओली असतानाच अल्कोहोलमध्ये बुडवतात, दुसरी हवेत वाळवतात. दोन्हींना वेगवेगळे रंग दिले की पॅथॉलॉजिस्ट त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. बहुतेक वेळा भूल लागत नाही, टाका पडत नाही, पेशंट चालत घरी जातो. आणि माझ्यासारख्याला लाजवणारी गोष्ट ही की, मानेच्या गाठीतून सुईने काढलेल्या त्याच द्रवातून टी.बी.चेही निदान होऊ शकते. जंतू दिसावेत म्हणून वेगळा रंग देता येतो, थोडा नमुना जंतूंच्या जनुकीय तपासणीला पाठवता येतो. म्हणजे टी.बी.ची शंका आली हे सुई न लावण्याचे कारण नव्हते, लावण्याचे होते.

“सुई लावली की कॅन्सर पसरतो” अशी भीती लोकांच्या मनात खोल बसली आहे. सुईच्या वाटेने पेशी पसरल्याची उदाहरणे अत्यंत क्वचित आढळतात. काही ठरावीक जागच्या गाठींना, उदाहरणार्थ वृषणाच्या गाठीला, सहसा सुई लावत नाहीत, आणि ते तज्ज्ञाला माहीत असते. निदानावाचून महिने गेल्याने जे नुकसान होते, ते या भीतीच्या कितीतरी पट अधिक असते.

नवे ज्ञान डॉक्टरांपर्यंत उशिरा पोचते, हा दोष केवळ आपल्याकडचा नाही. या शास्त्राचा पाया घालणारे डॉ. जॉर्ज पापानिकोलाउ हे मूळचे ग्रीसचे, १९१३ साली अमेरिकेत गेलेले. योनीमार्गातल्या स्रावात कर्करोगाच्या पेशी ओळखता येतात हे त्यांनी १९२८ साली मांडले. त्या वेळच्या डॉक्टरांनी फारसे लक्ष दिले नाही. डॉ. हर्बर्ट ट्राउट यांच्यासह त्यांचे पुस्तक १९४३ साली निघाले, तेव्हा कुठे जगाला ते पटू लागले. मधली पंधरा वर्षे ज्ञान होते, पण दवाखान्यात नव्हते. त्यांच्याच नावावरून आजही आपण ‘पॅप’ तपासणी म्हणतो.

आता आपल्याकडे या. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव घेतात. टाटा मेमोरियल रुग्णालय मुंबईत १९४१ साली उघडले, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेची उभारणी त्यांनी केली आणि १९५२ साली निघालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. त्याच केंद्राची वाढ होत होत २००२ साली ते खारघरला आले. आज आपण त्याला ‘ॲक्ट्रेक’ म्हणतो. खारघर आपल्याच पनवेल तालुक्यात. पनवेलहून लोकलने तिसरे स्टेशन. देशातले कर्करोग संशोधनाचे एक मोठे केंद्र आपल्या तालुक्यात येऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. मी तो टेम्पोचालक तपासला तेव्हा ते इथे येऊन दोन वर्षे झाली होती. अंतर रेल्वेच्या मोजणीने थोडेच होते. माझ्या टेबलापासून ते फार लांब पडले.

कर्करोग शोधण्याच्या बाबतीत जगाने ज्यांच्याकडून धडा घेतला असे दोन मोठे अभ्यास महाराष्ट्रातच झाले आहेत. पहिला उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ साली तो सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांचे गावांप्रमाणे चार गट केले. एका गटाला गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एच.पी.व्ही. विषाणूची तपासणी, दुसऱ्याला पॅप, तिसऱ्याला ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्याला नेहमीच्या सेवा. तपासण्या एकदाच केल्या आणि पुढे आठ वर्षे लक्ष ठेवले. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. विषाणूच्या तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. तपासणी न झालेल्या जवळजवळ तेवढ्याच मोठ्या गटात ६४. पॅपच्या आणि डोळ्यांनी तपासण्याच्या गटांत मात्र शास्त्रीय कसोटीवर टिकेल अशी घट दिसली नाही.

आमच्या पिढीला कॉलेजात शिकवले होते की, गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकर शोधायचा तर पॅप. ते चूक नव्हते. ज्या देशांत स्त्रिया ठरावीक वर्षांनी पुन:पुन्हा पॅप करून घेतात, तिथे त्याने हा रोग खरोखर आटोक्यात आणला. पण जिथे बाई आयुष्यात एकदाच तपासणीला येण्याची शक्यता आहे, तिथे त्या एका वेळी कोणती तपासणी करावी, याचे उत्तर आमच्याच एका जिल्ह्यातल्या स्त्रियांनी जगाला दिले. हा कर्करोग एच.पी.व्ही.मुळे होतो हे दाखवणारे डॉ. हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने या विषाणूच्या तपासणीला पहिली पसंती दिली. मी स्वतः उस्मानाबादच्या अभ्यासाचे नाव प्रथम ऐकले, ते निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर सहा वर्षांनी. त्या सहा वर्षांतही माझे पॉइंट बरोबर भरत होते.

दुसरा अभ्यास मुंबईच्या झोपडपट्ट्यांतला, टाटा मेमोरियलचा, १९९८ साली सुरू झालेला. सुमारे दीड लाख स्त्रिया. इथे तपासणी डॉक्टरांनी केली नाही. किमान दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण दिले आणि त्यांनी दर दोन वर्षांनी ॲसेटिक आम्ल लावून तपासणी केली. बारा वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबादेत हीच तपासणी एकदा करून भागले नाही; मुंबईत पुन:पुन्हा केल्याने भागले. चार आठवडे शिकून दहावी झालेल्या बाईने हे केले, तर साडेपाच वर्षे शिकलेल्या मला कोणती सबब सांगता येईल?

मी फक्त दुसऱ्यांवर टीका करतो आहे असे वाटू नये. उस्मानाबादचे वाचल्यावर मी उत्साहाने, सिस्टरच्या मदतीने, दवाखान्यात पॅपचे नमुने घ्यायला सुरुवात केली. विषाणूची तपासणी त्या वेळी आमच्या पेशंटांच्या आवाक्यातली नव्हती. पहिल्या दहा स्लाइडपैकी सहांचे रिपोर्ट ‘तपासणीस अपुरे’ म्हणून परत आले. कारण साधे होते. स्लाइडवर नमुना पसरला की ती तत्क्षणी अल्कोहोलमध्ये जायला हवी. मी नाव लिहीत बसे, तोवर पेशी वाळून जात. पॅथॉलॉजिस्ट बाईंनी मला बोलावून माझीच स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. “डॉक्टर, नाव पेन्सिलीने आधी लिहा, नमुना नंतर घ्या,” एवढेच त्या म्हणाल्या. पाच मिनिटांचे शिक्षण. त्या सहा जणींना मी पुन्हा बोलावले. तिघी आल्याच नाहीत. संकोच सोडून एकदा आलेली बाई डॉक्टरच्या चुकीसाठी दुसऱ्यांदा कशाला येईल?

आता आमच्या सी.एम.ई. कशा होतात ते सांगतो. सगळ्या अशा नसतात, काही फार चांगल्या होतात. पण नेहमीचे चित्र असे: हायवेवरच्या हॉटेलात रविवारची सकाळ, दारात औषध कंपनीचा स्टॉल, पेन आणि पॅड, मुंबईहून आलेले विद्वान वक्ते. पडद्यावर पेशीतल्या जनुकांची रंगीत चित्रे आणि अशा इंजेक्शनची माहिती जे माझ्या शंभर पेशंटांपैकी एकालाही परवडायचे नाही. मग टाळ्या, आभार, जेवण, सही. वक्त्यांचा दोष नाही. ते त्यांच्या कामाविषयी बोलतात. पण गाठ घेऊन आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी काय विचारायचे, काय तपासायचे, कुठे पाठवायचे आणि आलेला रिपोर्ट कसा वाचायचा, हे माझे काम आहे. त्यावर क्वचितच कोणी बोलते.

रिपोर्ट वाचणे हेही साधे राहिलेले नाही. १९८८ साली अमेरिकेत बेथेस्डा येथे पॅपचे रिपोर्ट एकाच भाषेत लिहिण्याची पद्धत ठरली. तेव्हापासून एकेका अवयवासाठी अशा पद्धती ठरत गेल्या आणि त्यांना शहरांची नावे पडली: थायरॉइडला पुन्हा बेथेस्डा, लाळग्रंथींना मिलान, लघवीतल्या पेशींना पॅरिस, स्तनाला योकोहामा, लसिकाग्रंथींना सिडनी. हेतू हा की, पनवेलचा रिपोर्ट पुण्याच्या डॉक्टरला त्याच अर्थाने समजावा. पण ज्याने पेशंट पाठवला त्यालाच ‘श्रेणी एक’चा अर्थ माहीत नसेल तर? थायरॉइडच्या रिपोर्टात पहिली श्रेणी म्हणजे नमुना अपुरा, निदान झालेच नाही. ती पाहून “पहिली श्रेणी आहे, काळजी नको” असे सांगून पेशंटला घरी पाठवलेले मी पाहिले आहे. स्तनाच्या गाठीत सुईचा रिपोर्ट निर्दोष आला, तरी हाताची तपासणी आणि सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी त्याच्याशी जुळली पाहिजे; जुळली नाही तर पुढचा तपास करावाच लागतो. हे माझ्यासारख्याला तोंडपाठ हवे.

म्हणून माझे म्हणणे असे की, तालुक्यातल्या वैद्यकीय संघटनांनी वर्षातून निदान दोन सी.एम.ई. वेगळ्या पद्धतीने घ्याव्यात. व्याख्यान अर्धा तास पुरे. उरलेल्या वेळात प्रत्येक डॉक्टरने आपलाच उशीर झालेला एक पेशंट, नाव न सांगता, मांडावा. शेजारी सूक्ष्मदर्शक घेऊन पॅथॉलॉजिस्ट बसावा आणि चांगली स्लाइड व बिघडलेली स्लाइड दोन्ही दाखवाव्यात. तोंड टॉर्चने आणि बोटाने कसे तपासावे, हे एकमेकांवर करून पाहावे. आशा स्वयंसेविका, नर्स आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर यांनाही त्याच खोलीत बसवावे. खारघरची संस्था जवळ आहे. तिथल्या तज्ज्ञांना विनंती करता येईल. आणि प्रत्येकाने माझ्यासारखी एक वही ठेवावी.

माझे व्यवसायबंधू यावर काय म्हणतील ते मला माहीत आहे. “दिवसाला साठ पेशंट असतात, वेळ कुठून आणायचा? सुई म्हटले की पेशंट पळतो आणि समोरच्या दवाखान्यात जातो.” दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माझ्याकडूनही पेशंट गेले आहेत. शिवाय प्रत्येक गाठीला लगेच सुई लावा, असे मी म्हणत नाही. घसा दुखून मुलाच्या मानेला आलेली गाठ बहुधा आपोआप बसते. दोन आठवडे वाट पाहणे हाच तिथे योग्य उपचार असतो. पण वाट पाहायची तर तारीख ठरवून पाहावी. “बरे नाही वाटले तर या” असे सांगण्याऐवजी “अमुक तारखेला, बरे वाटले तरी या” असे सांगायला जास्त वेळ लागत नाही. ती तारीख वहीत लिहिली की, न आलेल्याला फोनही करता येतो.

वाचकांनीही थोडे मनावर घ्यावे. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा, मानेतली गाठ, बसलेला आवाज तीन आठवड्यांनंतरही गेला नाही, स्तनात नवी गाठ लागली, पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त गेले, तर डॉक्टरांना सरळ विचारावे: “याची तपासणी करायची का? कधी?” आम्हाला राग येईल असे समजू नये. आलाच तर तो डॉक्टर बदलावा. तंबाखू, मशेरी, गुटखा आम्ही विचारला नाही तरी आपण होऊन सांगावा. तीस वर्षांवरील माणसांसाठी तोंडाच्या, आणि स्त्रियांसाठी स्तन व गर्भाशयमुखाच्याही, कर्करोगाच्या प्राथमिक तपासणीचा कार्यक्रम सरकारी केंद्रांतून चालतो. घरातल्या आई, मावशी, वहिनी यांना एकदा तिथे घेऊन जावे. मुलींसाठी एच.पी.व्ही.ची लस आहे. तिच्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

वहीच्या पहिल्या पानांवर, २००४-०५ सालच्या नोंदींत, पहिली भेट आणि तपासणी यांत महिना, दीड महिना गेलेला दिसतो. अलीकडच्या पानांवर हे अंतर आठ-दहा दिवसांवर आले आहे. काही ठिकाणी अजूनही तपासणीचा रकाना कोरा आहे. ते पेशंट परत आले नाहीत. येत्या सोमवारी सिस्टर आणि मी त्यांना फोन करणार आहोत. या कामाचे पॉइंट मिळत नाहीत, हे सिस्टरला मी सांगितले आहे.